‘तू तर फक्त फोनवर असतेस’

ताई,

मी एकतीस वर्षांची आहे. विक्रोळीला, कन्नमवार नगरात राहते आणि मुंबईतल्या एका आपत्कालीन नियंत्रण कक्षात कॉल घेते. पावसाळ्यात एका रात्रपाळीला एका मुलाचा फोन आला. त्याचे वडील अचानक कोसळले होते. मी पत्ता घेतला, गाडी पाठवली. पण तो सारखा विचारत होता, ‘मॅडम, आता मी काय करू?’ आणि मी ‘गाडी निघालीय, धीर धरा’ एवढंच म्हणत राहिले. मागे एक लहान मुलगी ‘बाबा, उठा ना’ म्हणून रडत होती. मग फोन कट झाला, पुन्हा लागलाच नाही. पुढे काय झालं ते मला आजही माहीत नाही. सुपरवायझरना विचारलं तर म्हणाले, ‘पुढचा कॉल घे. असं धरून बसलीस तर कसं होणार?’

याला दोन महिने झाले. लोकलमध्ये कोणी ‘बाबा’ म्हणून हाक मारली तरी छातीत धडधडतं. दिवसा झोप लागत नाही. मुलावर उगाच खेकसते. माझे दीर अग्निशमन दलात आहेत. सासूबाई म्हणतात, ‘जीव धोक्यात तो घालतो, तू तर फक्त फोनवर असतेस.’ मी खरंच कच्ची आहे का? नोकरी सोडू का? आणि त्यात नव्या बॅचला शिकवायचं काम माझ्यावर आलंय. मी काय शिकवणार त्यांना?

– एक वाचक, विक्रोळी

प्रिय मैत्रीण,

तू कच्ची नाहीस. आणि नोकरीचा निर्णय आत्ता घेऊ नकोस. दोन महिने धड झोप न झालेल्या माणसाने राजीनामा लिहू नये. आधी झोप, मग डॉक्टर, मग तो विचार. त्या क्रमाने गेलीस आणि तरीही सोडावीशी वाटली, तर खुशाल सोड, त्यात कमीपणा काही नाही.

आता सासूबाईंच्या वाक्याकडे येते, कारण तुझ्या पत्रात मला सर्वांत जास्त तेच बोचलं.

घटनास्थळी जो जातो त्याला निदान दिसतं. खोली केवढी आहे, माणूस कुठे पडलाय, आपण हात कुठे घालायचा. तुला फक्त आवाज मिळतो आणि बाकीचं चित्र तुझं मन स्वतःच काढतं. ती मुलगी किती वर्षांची, कुठे उभी आहे, हे तुला कोणी सांगितलेलं नाही. तरी ती तुझ्या डोळ्यांसमोर येत असणार, आणि प्रत्येक वेळी जरा जास्तच स्पष्ट. कानावर आलेला प्रसंग लांबचा म्हणून मन बाजूला ठेवत नाही. अमेरिकन मानसोपचार संघटनेने २०१३ साली आपल्या निदान-पुस्तिकेची पाचवी आवृत्ती काढली. कामाचा भाग म्हणून भयंकर घटनांचे तपशील पुन्हा पुन्हा समोर येणं, हाही आघात असल्याचं त्यात मान्य केलेलं आहे. त्याच्या आदल्या वर्षी नॉर्दर्न इलिनॉय विद्यापीठाच्या संशोधकांनी तिथल्या ९११ या आपत्कालीन क्रमांकावर कॉल घेणाऱ्यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. ही माणसंही तुझ्यासारखीच खुर्चीत बसून असतात, घटनास्थळी कधी जात नाहीत. तरी कॉलच्या वेळी त्यांना वाटणारी भीती आणि हतबलता तीव्र असते, आणि पुढे होणाऱ्या त्रासाशी तिचा संबंध असतो, असं त्यांना आढळलं. तुझ्या पत्रातही ‘भीती’पेक्षा ‘काय करू’ हेच जास्त आहे, म्हणून हतबलता हा शब्द लक्षात ठेव.

सासूबाईंना २६ नोव्हेंबर २००८ ची रात्र आठवत असेल. तेव्हाच्या सीएसटीवर गोळीबार सुरू झाला तेव्हा उद्घोषणा कक्षात विष्णू झेंडे होते. त्यांच्या हातात माइकशिवाय काही नव्हतं. मागच्या बाजूने बाहेर पडा, अशी सूचना ते प्रवाशांना पुन्हा पुन्हा देत राहिले आणि कितीतरी माणसं त्या आवाजाच्या भरवशावर स्टेशनाबाहेर पडली. तेही ‘फक्त’ माइकवरच होते. हे सासूबाईंना सांग. भांडणाच्या सुरात नको, जेवताना सहज सांग.

झेंड्यांची आठवण मी आणखी एका कारणासाठी काढली. लोकांना काय सांगायचं ते त्यांच्याकडे होतं. तुझ्याकडे त्या रात्री ‘धीर धरा’ यापलीकडे काही नव्हतं, आणि माझ्या मते तुझा खरा त्रास तिथे आहे. तो मुलगा जे विचारत होता त्याला उत्तर आहे. ते तुला कोणी शिकवलेलंच नव्हतं. न शिकवलेली गोष्ट न करणं हा तुझा अपराध होऊ शकत नाही.

ते उत्तर इथे सविस्तर लिहिते, कारण तुझ्या नव्या बॅचचा अर्धा अभ्यासक्रम हाच आहे.

गाडी पोहोचेपर्यंत फोनवरच्या माणसाकडून काय करून घ्यायचं, याची प्रश्नांसकट बांधलेली पद्धत अमेरिकेत सॉल्ट लेक सिटीला डॉ. जेफ क्लॉसन यांनी सत्तरच्या दशकाच्या अखेरीस तयार केली. पुढे ऐंशीच्या दशकात सिएटलच्या परिसरात फोनवरून छाती दाबायला सांगण्याचं काम पद्धतशीर सुरू झालं. मोठा माणूस अचानक कोसळला असेल तर प्रश्न दोनच: शुद्धीवर आहे का? श्वास नेहमीसारखा चालू आहे का? दोन्हींचं उत्तर ‘नाही’ आलं की वेळ घालवायचा नाही. इथे घरचे हमखास फसतात. हृदय बंद पडलेल्या माणसाला मधूनच घरघर लागते, आचके येतात, आणि लोक सांगतात, ‘हो, श्वास आहे.’ म्हणून ‘नेहमीसारखा’ हा शब्द प्रश्नात हवाच, आणि शंका आली तर ‘मला तो आवाज ऐकवा’ म्हणायचं. मग फोन स्पीकरवर, माणूस जमिनीवर पाठीवर, छातीच्या मधोमध तळहाताची टाच, त्यावर दुसरा हात, मिनिटाला १०० ते १२० वेळा, सुमारे पाच सेंटिमीटर खोल. आणि तू फोनवर मोठ्याने मोजायचंस. एक, दोन, तीन, चार. मोजणं तुझ्याही उपयोगाचं आहे. तुझ्या श्वासाला त्याने लय मिळते आणि मनाला काम.

फोनवरचा माणूस किंचाळत असेल, ऐकतच नसेल, तर आपण आवाज चढवायचा नाही. एकच वाक्य, तेच शब्द, तोच स्वर, आणि त्यात कारण: ‘तुमच्या बाबांना मदत करायचीय, म्हणून मी सांगते तसं करा.’ पुन्हा तेच. तिसऱ्या-चौथ्यांदा माणूस थांबतो. ही शिकता येणारी गोष्ट आहे. धीराचा आवाज जन्मजात असावा लागतो, असं तुझ्या नव्या मुलामुलींना अजिबात वाटू देऊ नकोस.

बाकी मुंबईचं शिक्षण तू त्यांना माझ्यापेक्षा चांगलं देशील. शिवाजी नगर म्हटलं की कुठलं, गोवंडीचं की आणखी कुठलं, हे आधी. चाळीचं नाव, जवळचं देऊळ, मशीद नाहीतर रेशनचं दुकान, आणि गल्लीच्या तोंडाशी एक माणूस उभा करायला सांगणं. आपल्याकडे गाडी बऱ्याचदा वेळेवर येते आणि मग शेवटच्या दोनशे फुटांत हरवते.

एक सावधगिरी मात्र हवी. छाती दाबण्याच्या सूचना तू एकटीने, मनाने द्यायला लागू नकोस. त्या छापील कार्डावर, कक्षाच्या वैद्यकीय अधिकाऱ्याच्या मंजुरीने यायला हव्यात, आणि गरज पडली तर डॉक्टरला त्याच लाइनवर घेण्याची सोय हवी. १०८ ची सेवा आपल्या राज्यात २०१४ पासून आहे आणि तिच्या गाडीवर डॉक्टर असतो. गाडी पोहोचेपर्यंतच्या मिनिटांतही त्याच दर्जाची मदत फोनवरून मिळावी, ही मागणी मुळीच अवाजवी नाही. बॅच शिकवायची असेल तर मला हे कार्ड द्या, असं लेखी माग. शिकवणाऱ्याचं म्हणणं कार्यालयाला जरा जास्त ऐकावं लागतं.

आणि हेही स्पष्ट सांगते. त्या रात्री तुझ्याकडे कार्ड असतं तरी ते गृहस्थ वाचलेच असते असं नाही. घरात हृदय बंद पडलेल्यांपैकी बहुतेक जण जगातल्या सर्वांत सज्ज शहरांतही वाचत नाहीत. ते कशाने कोसळले हेही आपल्याला ठाऊक नाही. कार्डाने त्यांची शक्यता वाढली असती, आणि तुला त्या मुलाबरोबर काहीतरी करता आलं असतं. रात्री पडल्या पडल्या मन ‘मी हे म्हटलं असतं तर’ सुरू करील, तेव्हा ही दोन्ही वाक्यं त्याला पूर्ण ऐकव, त्यातलं सोयीचं एकच नको.

आता तुझी तब्येत. आघातानंतर पहिले काही आठवडे झोप उडणं, प्रसंग आठवणं, दचकणं हे पुष्कळांना होतं आणि पुष्कळांचं ते आपोआप ओसरतं. एक महिन्यानंतरही टिकलं आणि रोजच्या जगण्यात आड यायला लागलं की डॉक्टरांना दाखवायचं. तुला दोन महिने झाले. म्हणजे थांबून बघायची मुदत संपली. १४४१६ हा टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा क्रमांक आहे. केंद्र सरकारने ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू केलेली ही सेवा मोफत आहे, चोवीस तास चालते आणि मराठीत बोलता येतं. रात्रपाळी करणाऱ्याला पहाटे चार वाजताही तिथे माणूस भेटतो. पण तुझ्या बाबतीत फोनवर थांबू नकोस, समोर बसून तपासून घे. सायनचं टिळक रुग्णालय किंवा परळचं केईएम, दोन्हीकडे मानसोपचार विभाग आहे, केसपेपरचे पैसे किरकोळ आहेत आणि रात्रपाळी उतरून थेट जाता येतं. आघातावर खास बेतलेली बोलण्याची उपचारपद्धती असते, तिच्याबद्दल तिथे विचार. ‘बाबा’ ही हाक आणि ती रात्र यांची मनात पडलेली गाठ हळूहळू सोडवण्याचंच काम त्यात होतं. मेडिकलमधून कोणाच्या सांगण्यावरून झोपेच्या गोळ्या मात्र आणू नकोस. त्यांची सवय लागते आणि मूळ त्रास तसाच राहतो.

ऑफिसात कळेल, ही भीती तू लिहिलेली नाहीस, पण असणार. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ याच्या २३व्या कलमाने तुझ्या आजाराची आणि उपचाराची माहिती गोपनीय ठेवण्याचा हक्क तुला दिलेला आहे. डॉक्टर तुझ्या सुपरवायझरना फोन करून काही सांगू शकत नाहीत.

एक प्रश्न पत्रात नाही, तो मी विचारते. या सगळ्यात कधी जगणंच नको असं वाटतं का? उत्तर ‘हो’ असेल, अगदी अधूनमधून का होईना, तर हा लेख इथेच ठेव आणि आत्ता १४४१६ लाव, आणि नवऱ्याला शेजारी बसवून ते सांग. फोन लावणाऱ्यांचे असे शब्द तू कधी हलके धरले नसशील, स्वतःचेही धरू नकोस.

लोकलमध्ये धडधड सुरू झाली तर डबा बदलू नकोस, उतरूही नकोस. टाळलं की भीती मोठी होते. पाय डब्याच्या फरशीवर नीट टेक, श्वास घेतलास त्यापेक्षा जास्त वेळ लावून सोड, आणि मनात म्हण: हे घाटकोपर गेलं, आता विक्रोळी, ही हाक समोरच्या बाकावरच्या पोराची आहे आणि त्याचे बाबा त्याला उचलून घेतायत. डोळ्यांनी ते बघ. तुझ्या कानाला त्या रात्री चित्र मिळालं नव्हतं, इथे मिळतंय.

झोपेसाठी: पाळी सकाळी सुटत असेल तर शेवटचा चहा मध्यरात्रीच्या आसपास. चहा-कॉफीतलं कॅफिन अर्धं उतरायला साधारण पाच तास लागतात. घरी आल्यावर आधी स्वयंपाक, धुणं, डबे आणि मग झोप, हा आपल्या घरांतला क्रम मोड. आधी झोप. खिडकीला जाड पडदा, दाराची बेल बंद, आणि पडल्यावर मोबाइलवर अपघातांच्या क्लिपा बघणं पूर्ण बंद. सलग होत नसेल तर सकाळी चार-पाच तास आणि संध्याकाळी कामावर निघण्याआधी दीड तास, असंही चालतं. घरच्यांना हे औषधासारखं सांग, विनंतीसारखं नको. मुलाला मात्र प्रेमाने: ‘आई थकलीय म्हणून ओरडली, तुझं काही चुकलं नव्हतं.’ त्याच्या वयाला एवढं पुरतं.

‘पुढे काय झालं’ हे न कळणं ही तुझ्या कामातली सर्वांत कठीण गोष्ट आहे असं मला वाटतं. भाऊजी आगीवर जातात, आग विझलेली बघून परत येतात. वाईट शेवट असला तरी तो शेवट असतो. तुझ्या हातून रात्रभर गोष्टी निसटत राहतात, प्रत्येक अर्ध्यावर. गाडी त्या पत्त्यावर पाठवली होती, म्हणजे कुठेतरी नोंद असणार. रुग्णाचं नाव-गाव नको, फक्त निष्पत्ती कळवा, असा अर्ज तू करू शकतेस. अर्ज करण्याआधी एक संध्याकाळ विचार कर: उत्तर ‘गेले’ असं आलं तर त्या दिवशी तुझ्याजवळ कोण असेल? ते ठरव आणि मग विचार. माझं मत, कळलेलं बरं. आणि उत्तर आलंच नाही, तर कागदावर तुझ्या बाजूचा अहवाल लिही: फोन किती वाजता आला, पत्ता किती वेळात घेतला, गाडी कधी सुटली, लाइन कधी तुटली, परत किती वेळा लावलास. भावना नकोत, नुसत्या नोंदी. तू काय काय केलंस ते एकदा तुझ्या स्वतःच्या अक्षरात दिसू दे. हा कागद डॉक्टरांकडे जाताना बरोबर ने.

भाऊजींशी बोल. सासूबाईंनी तुम्हा दोघांना समोरासमोर उभं केलंय, पण त्या घरात तुझं म्हणणं सर्वांत लवकर कळेल ते त्यांनाच. दरवर्षी १४ एप्रिलला आपण १९४४ च्या गोदी स्फोटात गेलेल्या अग्निशमन दलाच्या ६६ जवानांना मानवंदना देतो, आणि ती द्यायलाच हवी. पण ज्या जवानांना इमारतीच्या ढिगाऱ्यातून लहान मूल काढावं लागतं आणि दुसऱ्या दिवशी परत ड्यूटीवर जावं लागतं, त्यांना घरी कोण काय विचारतं? ‘दमलास का, जेवलास का’ यापुढे आपण जात नाही. तू विचार. ‘भाऊजी, तुमच्या डोक्यातून न जाणारी एखादी वर्दी आहे का?’ आधी कदाचित ते उडवून लावतील. मग तुझी सांग. एकमेकांना सल्ला द्यायची गरज नाही. आणि त्यांचं पिणं वाढलंय, ते गप्प गप्प झालेत, असं काही दिसलं, तर टेलिमानसचा क्रमांक त्यांच्यासाठीही तोच आहे.

आता बॅच. कार्ड आणि पत्ता घेणं यांबद्दल लिहिलंच. तिसरी गोष्ट म्हणजे वाईट कॉलनंतरची पंधरा मिनिटं. हेडसेट काढायचा, जागेवरून उठायचं, पाणी प्यायचं, आणि शेजारी एक सहकारी. त्याने खोदून विचारायचं नाही. सगळ्यांना खोलीत बसवून ‘बोला, मोकळे व्हा’ असं सक्तीचं एकच सत्र घेण्याची पद्धत ऐंशीच्या दशकात अमेरिकेतून बरीच पसरली होती. नंतरच्या तपासणीत तिने पुढचा त्रास टळत नाही असं दिसलं आणि जागतिक आरोग्य संघटनाही आता ती सुचवत नाही. त्याऐवजी मानसिक प्रथमोपचार सुचवला जातो: माणूस कसा आहे ते बघा, त्याला बोलायचं असेल तेवढं ऐका, त्याला जे हवंय तिथपर्यंत पोहोचवा. घरी जायला सोबत हवी असेल तर सोबत द्या. आठवड्याने पुन्हा विचारा, कारण खरा त्रास अनेकदा तेव्हा दिसतो. ‘पुढचा कॉल घे’ म्हणणारे सुपरवायझर दुष्ट असतील असं मला वाटत नाही. लाइनवर माणसं ताटकळत असतात आणि त्यांनाही दुसरं काही शिकवलेलं नसतं. म्हणून हे प्रशिक्षण सुपरवायझरनाही हवं, निदान पहिल्या दिवसाला त्यांना बसव.

मुलींना आणखी एक सांग. घाणेरडं बोलणारे, शिव्या देणारे, मुद्दाम त्रास देणारे कॉल येणार. ते ‘कामाचा भाग’ म्हणून गिळायचे नाहीत. एकदा समज, मग कक्षाच्या नियमाप्रमाणे कट, आणि प्रत्येकाची नोंद. स्त्रीला उद्देशून असं बोलणं हा गुन्हा आहे, आणि नोंद असेल तरच पुढे काही करता येतं.

तुझा कॉल त्यांना सांगायचा की नाही? या बॅचला सांगू नकोस. तुझी जखम अजून ओली आहे, आणि पहिल्या आठवड्यात त्यांच्या कानात ती मुलगी बसवण्याचं कारण नाही. उपचार पुरे होऊ देत, पुढच्या बॅचच्या वेळी तुझं तू ठरव.

या आठवड्यात दोनच कामं कर: सायनला किंवा केईएमला मानसोपचार विभागाचा केसपेपर काढ, आणि कार्डासाठीचा अर्ज सुपरवायझरकडे दे, पोच घेऊन. निष्पत्तीचा अर्ज डॉक्टरांशी बोलून झाल्यावर कर. डॉक्टर काय म्हणाले ते मला कळव.

– तुझी ताई